डबल्सची फायनल आणि न दिलेला हात

मला एक खोड आहे. कुणी हात पुढे केला की मी आधी वर बघतो. छत असेल तर छताकडे, झाड असेल तर झाडाकडे, आणि मगच हात देतो. बायको म्हणते, चारचौघांत वेड्यासारखं दिसतं. मुली तर नक्कल करून दाखवतात. संपादकांनी पंचगिरीच्या आठवणी मागितल्या तेव्हा थोरली म्हणाली, "पप्पा, बाकी काही लिहू नका, ती वर बघायची गोष्ट लिहा." तर तीच लिहितो. पण आधी धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कशाचा कशाला मेळ लागायचा नाही.

मी टेनिसचा पंच होतो. आमच्या गेवराई तालुक्यात असं सांगितलं की लोक विचारायचे, "कंच्या वॉर्डातून निवडून आलात?" समजावून सांगितलं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "म्हंजी नुसतं बसायचं." हो बाबा, नुसतं बसायचं. उंच खुर्चीवर, उन्हात, मूत आवरून.

टीव्हीवर दिसतं ते टेनिस म्हणजे या धंद्याचा कळस. मी पायथ्याचा माणूस. छोट्या शहरांत छोट्या बक्षिसांच्या व्यावसायिक स्पर्धा होतात. तिथं येणारी पोरं एसटीनं येतात, एका खोलीत तिघं झोपतात आणि स्वतःचे मोजे स्वतः धुतात. सिंगल्सला हरलं की परतीच्या तिकिटापुरतं तरी मिळावं म्हणून डबल्स खेळतात. जोड्या तिथल्या तिथं जमतात. कधी दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एकदा दोन सख्खे भाऊ माझ्या समोर खेळले. घरात वाटणीवरून अबोला होता, पण जोडी जुनी. एक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "पंच, त्याला सांगा डावीकडं थांब." दुसरा म्हणायचा, "पंच, त्याला सांगा आधी स्वतःचं बघ." गंमत म्हणजे जिंकले. डबल्समध्ये बाजूच्या गल्लीची रेघसुद्धा खेळात धरतात, मैदानात चार माणसं असतात आणि चारही जणांचं तोंड शेवटी पंचाकडेच वळतं.

माझे वडील, म्हणजे बा, हा खेळ बघून एकदाच बोलले होते. "बैलजोडीसारखंच हाय की. एक कामचुकार असला की दुसऱ्याचा खांदा सोलतो." माझ्या दृष्टीनं डबल्सची याहून चांगली व्याख्या कुणी केलेली नाही.

आणि भीती. लोकांना वाटतं वर बसलेला माणूस निर्धास्त. खोटं आहे. मी जन्मभर भीत भीत बसलो. चेंडू दिसला नाही तर? दिसला तोच चुकीचा दिसला तर? रेषा मऊ मातीवर असली तर एक सोय असते, चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला की पंचानं खाली उतरायचं, ठशापाशी वाकायचं आणि सांगायचं, आत की बाहेर. ठसा रेघेला केसभर जरी चिकटला असला तरी आत. त्या वेळी वाकलेल्या पाठीवर सगळ्या मैदानाची नजर टोचते. मी बौद्ध वस्तीतला, लहानपणापासून गावाची नजर पाठीवर घ्यायची सवय होती, म्हणून निभावलं.

आता मूळ गोष्ट.

आमच्या भागात एक सहकारी साखर कारखाना होता. नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही गट संपादकांना फोन करतील. चेअरमनना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांचा पुतण्या रणजित पुण्याला राहून टेनिस शिकला आणि बरा खेळायला लागला, तेव्हा आबासाहेबांनी कॉलनीशेजारी मातीची दोन कोर्टं बांधली. एका चांगल्या पावसाच्या वर्षी हौसेनं व्यावसायिक स्पर्धाही मंजूर करून आणली. ती भरायची वेळ आली तोवर सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. ऊस नाही, कारखान्याचा भोंगा संक्रांतीआधीच बंद. पण स्पर्धा रद्द करावी तर नाक कापलं जाणार, आणि निवडणूक तोंडावर. आबासाहेब नाक कापून घेणारे नव्हते.

मी त्याच संस्थेच्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो. दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश निघाला तर नोकरी, नाहीतर घरी. हे लक्षात ठेवा.

कोर्टाला लागून कारखान्याचं मोकळं मैदान. हंगामात तिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. त्या वर्षी तिथं चारा छावणी पडली होती. तलवाड्यापासून उमापूरपर्यंतची जनावरं आणि त्यांच्यापाशी झोपणारी माणसं. त्यात माझे बा होते, आमची खंड्या आणि लाल्या ही बैलजोडी घेऊन. बाला दमा. मी म्हटलं, माझ्या खोलीवर या, बैलांकडं कुणाला तरी ठेवू. ते म्हणाले, "दावं दुसऱ्याच्या हाती देत नसतो मी."

त्याला कारण होतं. मी चार-पाच वर्षांचा असताना आम्ही एका बैलाच्या छकड्यातून लग्नाला गेलतो. वरात वडाखाली आली आणि कुणीतरी बार उडवला. वर आग्या मोहोळ होतं. साधी मधमाशी वेगळी आणि ही वेगळी. आग्याची माशी बोटाच्या पेराएवढी, उठली की हजारांनी उठते आणि माणूस पळाला तरी शिवारभर पाठ सोडत नाही. बानं मला उचललं, घोंगडीत गुंडाळलं आणि धावत एका घरात शिरले. बैल गाडीलाच बांधलेला राहिला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. बा त्याच्यापाशी बसून राहिले, रडले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की माहीत होती. पुन्हा तशी वेळ आली तर हा माणूस पळणार नाही. आधी गाठी सोडत बसेल.

छावणीत बांधायची जागा ठरवून दिलेली असते, बदलता येत नाही. बाला जागा मिळाली ती कोर्टाच्या जाळीला लागून, कारखान्याच्या पाण्याच्या उंच टाकीच्या सावलीत. बा खूश. सावली पण आणि खुर्चीवर बसलेला पोरगाही दिसायचा. मी मात्र पहिल्याच दिवशी वर पाहिलं. टाकीच्या बुडाला आग्याची मोठी मोठी पोळी लटकत होती.

"ती लई जुनी हायत सर," बबन म्हणाला. बबन कारखान्याचा वॉचमन, दांडगा आणि भाबडा माणूस. "आजवर कुणाला चावली न्हाईत. हंगामात साखर खाऊन सुस्त पडत्यात."

"आणि औंदा? साखर कुठंय औंदा?"

बबननं जरा विचार केला आणि म्हणाला, "औंदा आमी बी उपाशीच हाव की."

आता त्यात भर पडली आमच्या कारखान्याच्या डोक्याची. मातीच्या कोर्टाला पाणी लागतं. पाणी नसलं की धुरळा उडतो, पाय घसरतात. आबासाहेबांनी जाहीर सभेत शब्द दिला होता की टँकरचं टिपूस कोर्टावर पडणार नाही, आणि तो त्यांनी पाळलाही. मग कोर्टाची माती धरून ठेवायची कशानं? कारखान्याच्या केमिस्ट साहेबांनी तोडगा काढला, मळी. साखर काढल्यावर उरते ती काळी चिकट मळी टाकीत शिल्लक पडली होती. यंत्रं गार करायच्या हौदातल्या घाण पाण्यात ती पातळ करून कोर्टावर शिंपडली आणि वरून रोलर फिरवला. साखर कारखान्यातल्या माणसाशिवाय कुणाला हे सुचलं नसतं. अन् कोर्ट काय झालं म्हणता! काळंभोर, घट्ट, ठसा असा उमटायचा की शिक्का मारल्यासारखा. स्पर्धेचे निरीक्षक बाहेरून आलेले, त्यांनी केमिस्ट साहेबांची पाठ थोपटली. मी पण थोपटली.

पहिले दोन दिवस वारा होता, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी वारा पडला, ऊन चढलं आणि कोर्टाला वास सुटला. काकवीचा गोड वास. रणजितचा जोडीदार मॅथ्यू, केरळचा उंच डावखुरा पोरगा, चेंडू नाकाशी नेऊन मला म्हणाला, "सर, गूळ?" आणि दुपारी पहिली माशी आली. मग पाच-सहा. मग सर्व्हिसच्या रेघेवर ओळीनं बसायला लागल्या. शिवारात फूल नाही, ओढ्यात ओल नाही, त्यांना तरी दुसरं काय होतं? आम्ही त्यांच्या दारात पंगत मांडली होती.

मी निरीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "टॉवेलनं हाकला. माश्यांचा नियम पुस्तकात नाही." हाकलू कशा? आग्याची एक माशी चिरडली की तिच्या वासावर बाकीच्या चवताळतात, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. मी प्रत्येक सामन्याआधी खेळाडूंना हात जोडून सांगायचो, मारू नका, फुंकर घाला. उझबेकिस्तानची एक जोडी होती, त्यांना भाषा कळेना, मी फुंकर मारून दाखवली. ते दोघं गडी तिथून पुढं रोज रेघेवर गुडघे टेकून फुंकर मारायचे आणि मग सर्व्हिस करायचे. बघणाऱ्यांना वाटलं त्यांच्या धर्मात असेल.

फायनलला तेच उझबेक आले आणि समोर रणजित-मॅथ्यू. खुर्चीवर दुसरा पंच बसणार होता. मी चेअरमनच्या शाळेतला, मी त्यांच्या पुतण्याचा सामना घेणं बरं दिसत नव्हतं. पण तो पंच उन्हानं आडवा झाला, आणि निरीक्षक म्हणाले, "तुम्हीच बसा."

सकाळी कोर्टावर गेलो तर बबन टाकीच्या जिन्याला काहीतरी बांधत होता. जवळ गेलो. फटाक्यांची माळ होती. वरच्या पायरीपासून खाली जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि पायथ्याशी सुतळी बॉम्ब मांडलेले.

मी माळेचं टोक हातात धरलं.

"बबन, हे कावून?"

"रणजितदादा जिंकणार हायत न्हवं? आबासाहेबांच्या साहाय्यकानं सांगितलंय. हितनं समद्या मैदानाला दिसतं."

"वर बघ जरा."

त्यानं वर पाहिलं. "काय करत न्हाईत ती, सर. कावून भेता?"

"दुसरीकडं बांध. माझं ऐक."

"मला हितंच सांगितलंय. माजी नोकरी घालवता का?" मग माझा चेहरा बघून समजूत घालायला म्हणाला, "आन् आदी न्हाई पेटवणार. लाईट गेली की माईक बंद पडतो, मंग कळायचं कसं? म्हनून ठरवलंय. खेळ संपला की समदे येऊन तुमच्याशी हात मिळवत्यात, मी पाच दिवस बगतोय. रणजितदादानं तुमच्याशी हात मिळवला की लावली काडी."

म्हणजे वात माझ्या हातात होती.

मी निरीक्षकांकडे धावलो. ते म्हणाले, "सामना संपेपर्यंत मैदान माझं, नंतर आयोजकांचं." अतिथिगृहावर गेलो. आबासाहेब पाहुण्यांत होते. साहाय्यकानं फाटकातच अडवलं. मी मोहोळाचं सांगितलं तर हसला. "मास्तर, आबासाहेबांच्या पुतण्याचा विजय मुक्यानं साजरा करायचा का?" मी अजून बोललो असतो. पण त्यानं सहज विचारलं, "तुमचा आदेश जूनमधीच निघतो ना?" आणि मी माघारी वळलो.

मग बा होते तिथं गेलो. "बा, आजच्या दिवस बैल दुसरीकडं न्या."

"कुठं नेऊ? छावणीवाले दुसऱ्या जाग्यावर वैरण देत न्हाईत."

"मग तुमी तरी खोलीवर चला."

बानं टाकीकडं पाहिलं, माळेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तू जा," म्हणाले. "तुजं काम कर."

उन्हं कलली तेव्हा सामना सुरू झाला. मैदान फुललं होतं. टेनिस कुणाला कळत नव्हतं, पण आबासाहेबांचा पुतण्या परदेशी माणसांशी लढतोय एवढं कळणं पुरेसं होतं. एका बाजूला हलगी. आणि मी वर खुर्चीवर, डावीकडे जाळीपलीकडे बाचं मुंडासं, त्याच्यावर टाकी, टाकीखाली काळे पडदे.

तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी मनात एक पाप केलं. पंचानं कुणी जिंकावं असं मनात आणायचं नसतं. मी आणलं. रणजित हरला तर माळ पेटणार नाही. उझबेकांच्या प्रत्येक गुणाला माझा जीव भांड्यात पडायचा आणि रणजितच्या प्रत्येक गुणाला टांगणीला लागायचा. आकडे मात्र मी जे घडलं तेच बोललो. एकही चेंडू हलवला नाही.

पहिला सेट उझबेकांनी घेतला. दुसरा रणजित-मॅथ्यूनी. मध्येच लाईट गेली आणि माईक बंद पडला, मी घसा फोडून आकडे सांगू लागलो. तिसऱ्या सेटऐवजी डबल्समध्ये एकच लांब टायब्रेक खेळतात, जो आधी दहा गुण गाठेल आणि दोननं पुढं असेल तो जिंकला. नऊ-आठ झालं, रणजितच्या बाजूनं. हलगी थांबली. मॅथ्यूनं मागच्या रेघेपाशी, उझबेकांच्या आवाक्याबाहेर एक लांब चेंडू टाकला. रेषापंचानं हात बाजूला केला आणि ओरडला, बाहेर!

आमचं मैदान रडल्यागत ओरडलं. माझ्या मनात मात्र पहिलं काय आलं असेल? सुटलो. नऊ-नऊ.

मॅथ्यू ओरडला नाही. त्यानं फक्त रॅकेटनं ठशाकडं दाखवलं. खेळाडूनं ठसा दाखवला की पंचाला उतरावंच लागतं. मी उतरलो. चालत गेलो. ठशावर माश्या बसल्या होत्या, पाच-सात तरी, मळी चाटत. मी गुडघ्यावर बसलो आणि फुंकर घातली. त्या हलेनात. पुन्हा घातली. एक माझ्या मनगटावर येऊन बसली. मी हात हलवला नाही, हलवायची छातीच नव्हती. उरलेल्या उठल्या तेव्हा ठसा दिसला.

रेघेला चिकटला होता. केसभर, पण चिकटला होता.

माझ्याशिवाय तो कुणीही बघणार नव्हतं. बूट फिरवला असता तर पुसला गेला असता. मी तिथं किती वेळ वाकून राहिलो माहीत नाही. बाचा आवाज नव्हता, नजर होती, ते कळत होतं. "तुजं काम कर." मनगटावरची माशी आपण होऊन उडाली. मी उभा राहिलो आणि दोन्ही तळवे जमिनीकडं केले. चेंडू आत. दहा-आठ.

जे काही उसळलं ते सांगता येत नाही. टोप्या उडाल्या, हलगी कडाडली, माणसं खुर्च्यांवर चढली. मी परत खुर्चीवर चढलो. विजय वरून जाहीर करतात म्हणून चढलो असं मी नंतर सांगायचो. खरं म्हणजे पळून वर गेलो. घशातल्या उरल्यासुरल्या आवाजानं निकाल सांगितला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.

चौघांनी नेटवर हात मिळवले. मी टाकीच्या पायथ्याकडं पाहिलं. बबन एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी धरून माझ्याकडं एकटक बघत होता.

रणजित धावत आला. घामानं निथळत, हसत. हात वर केला. "सर!"

"हात नाही देणार," मी म्हणालो.

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. "सर, हात!"

"रणजित, फटाके थांबव आधी. टाकीवर मोहोळ आहे."

हलगीत त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. त्याचा हात तसाच वर राहिला, हसू मात्र उतरायला लागलं. मॅथ्यूनं हात पुढं केला. मी मान हलवली. उझबेक आले, त्यांनाही नाही. मैदानाच्या लक्षात यायला लागलं. एक ओरड आली, "ए पंच, हात दे!" मग दुसरी. मग कुणीतरी माझ्या वस्तीचं नाव घेऊन ओरडलं. रणजितचा चेहरा लाल झाला. तो पुण्याच्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "सर, तुम्ही माझा अपमान करताय." हात त्यानं खाली घेतला नव्हता. मी मांड्यांखाली बोटं इतकी दाबली होती की बधिर झाली. माणसं जाळी हलवायला लागली. मी मनात एवढंच म्हणत होतो, बा, सोड रे, सोड त्या गाठी.

मग आबासाहेब उठले. चपला घालून सरळ कोर्टावर आले. जाळी हलवणारे मागं सरले. खुर्चीपाशी येऊन त्यांना मान वर करावी लागली.

"मास्तर, पोरानं हात पुढं केलाय."

"दिसतोय, आबासाहेब."

"मंग कावून देत न्हाई?"

"टाकीखाली बघा."

ते रागातच वळले. आणि तसेच थांबले. आबासाहेब राजकारणात कसेही असोत, मूळचे शेतकरी. आग्याच्या पोळ्यावर माश्या अंगाला अंग लावून लटकतात, आणि धोका वाटला की त्यांच्यातून सरसर लाट जाते, हे त्यांना सांगायला लागलं नाही. हलगीनं त्या लाटा सुरू झाल्या होत्या. एका पोळ्यावर एक, दुसऱ्यावर एक, थांबेचनात.

"माळ कुठं लावलीय?" त्यांनी विचारलं.

"जिन्यालाच. मी हात दिला की बबन पेटवणार आहे."

त्यांनी जाळीपलीकडं पाहिलं. बांधलेली जनावरं, त्यांच्यापाशी बसलेल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. कपाळावरचा घाम त्यांनी उपरण्यानं टिपला. मग मोठ्यानं, पण शांतपणे हाक मारली, "बबन! काडेपेटी घेऊन हिकडं ये बरं!" बबन पळत आला. आबासाहेबांनी काडेपेटी घेतली, स्वतःच्या खिशात घातली आणि हलगीवाल्याला हातानंच खाली बस म्हणून खुणावलं. गर्दीकडं वळून म्हणाले, "जनावरं दावणीला उपाशी असताना आपल्याला फटाके शोभत न्हाईत. या दुष्काळात आतषबाजी न्हाई!" मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. मला वर बसून वाटलं, आता टाळ्यांनी उठतंय. नाही उठलं. लाटा हळूहळू विरळ झाल्या.

मोहोळाचं ते लोकांना एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर चेंगराचेंगरी झाली असती, हेही खरं. आणि शहाणपणाचं श्रेय गेलं असतं, हेही खरं. जाताना मला म्हणाले, "बरोबर केलं तुमी. पर चारचौघांत पोराचा हात पाडला." रणजित आधीच निघून गेला होता.

जूनमध्ये माझा आदेश निघाला नाही. जिल्ह्यात एवढंच पसरलं की त्या पंचानं चेअरमनच्या पुतण्याला हात दिला नाही. त्यांच्या माणसांनी मला शिव्या घातल्या. आमच्या वस्तीतल्या पोरांनी सामन्याच्याच संध्याकाळी विहारापुढं मला हार घातला, काय बाणेदार माणूस म्हणून. मी तोंड उघडणार होतो. पण आधी बाला भेटायला छावणीत गेलो.

बा बैलांच्या मध्ये बसले होते. दोन्ही दावी खुंट्यावरून सोडलेली, हाताला वेढे देऊन धरलेली. तळहात सोलले होते.

"कधी सोडली?"

"तू खाली वाकला व्हतास ना रेघेपाशी, तवाच. वर लाटा सुरू झालत्या."

"मग निघून का नाही गेलात? मी म्हटलं होतं ना, जा म्हणून!" मी ओरडलोच. दिवसभराची भीती तिथं बाहेर पडली आणि मी त्या म्हाताऱ्यावर ओरडताना रडत होतो.

"वाट कुठं व्हती? समदी छावणी मधी." मग हाताचे वेढे सोडत म्हणाले, "आन् तू वर बसलेला. तुला सोडून कुठं जाऊ?"

मी गळ्यातला हार काढला. म्हटलं, "बा, मी बाणेदारपणानं काही केलं नाही. मी भ्यालो होतो. लोकांना सांगून टाकतो."

"कशाला? भ्यालास म्हनून कोण हार घालतंय बे?" बानं तो हार घेतला, झेंडू तोडला आणि अर्धा खंड्यापुढं, अर्धा लाल्यापुढं टाकला. ओलं, ताजं असं बैलांनी किती दिवसांनी पाहिलं होतं.

पुढं मी पाटोद्याकडच्या एका शाळेत लागलो, पंचगिरी देशभर केली, असंख्य हात मिळवले आणि प्रत्येक वेळी आधी वर पाहिलं. त्या कारखान्यावर पुन्हा स्पर्धा झाली नाही. बा गेले, बैल त्याआधी गेले. रणजितला हात न दिल्याचा सल तेवढा राहिला. पोरानं ठशावर जिंकलेला सामना होता, खरा जिंकलेला, आणि त्याच्या वाट्याला माझे मांडीखालचे हात आले.

गेल्या उन्हाळ्यात बीडला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभा होतो. मोकळं मैदान, वर मोठं कडुलिंबाचं झाड. मागून हाक आली, "सर." वळलो. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पांढरे कपडे. रणजित होता, ओळखायला वेळ लागला. आबासाहेबांनी त्याला खरं काय ते लगेच सांगितलं, की मरताना सांगितलं, मी विचारलं नाही. त्यानं हात पुढं केला.

माझी मान सवयीनं वर गेली. कडुलिंबाच्या फांद्या, पानं. लाज वाटून मी पटकन खाली पाहिलं, तर रणजित माझ्याकडं बघतच नव्हता. हात पुढं धरून तोही वर झाडात बघत होता, नीट, फांदीफांदी.

"काय न्हाई सर," तो म्हणाला. "नुसते लाईटचे दिवे हायत."

मी हात दिला.